मजुरी स्वस्त, तिकडे धंदा? एका स्टॉपवॉचवाल्याचं उत्तर

प्रश्न इचलकरंजीतल्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थ्याचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कापडधंदा मजुरी स्वस्त असेल तिकडे पळतो. इंग्लंडमधल्या लँकेशायरहून मुंबईला आला, मुंबईहून भिवंडीला गेला, आता बांगलादेशात आहे, उद्या आफ्रिकेत जाईल. मग आम्ही हे शिकून करायचं काय?

या धंद्यात माझी चौतीस वर्षं गेली. पहिली सहा मागांवर, भिवंडी आणि इचलकरंजीत. नंतरची सगळी गारमेंटमध्ये, इंडस्ट्रियल इंजिनिअर म्हणून, आधी बंगळूरला आणि मग बरीच वर्षं ढाक्याजवळ गाझीपूरला. स्टॉपवॉच आणि पॅड घेऊन मशीनवरच्या बाईच्या मागे उभं राहायचं, बाही लावायला किती सेकंद लागले ते लिहायचं, यावर माझं घर चाललं. म्हणून आधी मिनिटांचा हिशोब सांगतो, इतिहास नंतर.

गारमेंटमध्ये बायर, म्हणजे कपडे बनवून घेणारा परदेशी खरेदीदार, ‘मजुरी किती’ असं विचारत बसत नाही. मिनिट कितीला पडतं, ते तो बघतो. प्रत्येक कपड्याचा एसएएम ठरलेला असतो, म्हणजे सरावलेल्या कारागिराला तो शिवायला लागणारी प्रमाणित मिनिटं. साधा टी-शर्ट सात-आठ मिनिटांचा, फॉर्मल शर्ट वीसच्या आसपास. आता समजा एका कारखान्यात पगार महिना १०,००० रुपये आहे. आठ तासांचे २६ दिवस धरले तर १२,४८० मिनिटं होतात. हजेरीचं मिनिट ८० पैशांना पडलं. पण लाइनीची एफिशियन्सी ४० टक्के असेल, म्हणजे हजेरीच्या शंभर मिनिटांत चाळीस मिनिटांचंच प्रमाणित काम निघत असेल (कधी कटिंगहून माल आला नाही, कधी सुई मोडली, कधी माप चुकलं म्हणून अख्खं बंडल उसवलं), तर कामाचं मिनिट दोन रुपयांना पडतं. दुसऱ्या कारखान्यात पगार १६,००० आणि एफिशियन्सी ७० टक्के. तिथे कामाचं मिनिट पडतं एक रुपया त्र्याऐंशी पैशांना. वीस मिनिटांचा शर्ट पहिल्याकडे चाळीस रुपयांचा, दुसऱ्याकडे साडेछत्तीसचा. पगार दीडपटीहून जास्त, तरी शर्ट स्वस्त.

आफ्रिकेचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो. इथिओपियात हवासा नावाच्या शहरात २०१६ मध्ये मोठं इंडस्ट्रियल पार्क उघडलं. शेड नव्या, वीज धरणाची आणि स्वस्त, मजुरी महिन्याला २६ डॉलरच्या आसपास. जगातल्या कुठल्याही मोठ्या गारमेंट देशात तेव्हा एवढी कमी मजुरी नव्हती. मजूर बाया कुठल्या? आजूबाजूच्या खेड्यांतल्या, शेतातून थेट मशीनवर आलेल्या. २६ डॉलरमध्ये खोलीभाडं आणि जेवण भागेना, म्हणून शिकून जरा हात बसला की मुली गावी परत. वर्षभरात जवळजवळ अख्खी लाइन बदलायची. ज्या लाइनीवर दर सोमवारी नवीन चेहरे, तिची एफिशियन्सी काय असणार ते वरच्या हिशोबात घालून बघा. पुढे तिथे यादवी पेटली. १ जानेवारी २०२२ पासून अमेरिकेने इथिओपियाच्या मालावरची आयात-करमाफी काढून घेतली आणि त्याच्या आधीच, २०२१ च्या नोव्हेंबरात, तिथला सगळ्यांत नावाजलेला अमेरिकन ब्रँडवाला आपला कारखाना बंद करून निघाला. मजुरी तर तेव्हाही जगात सर्वांत कमीच होती.

आता तुमचा पहिला टप्पा, लँकेशायर ते मुंबई. कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली १८५४ मध्ये. यंत्रं ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारख्या कारखान्यांची, सुरुवातीचे खात्यांचे मास्तरही तिकडचेच. यंत्र तेच, कापूस दाराशी, मजुरी लँकेशायरच्या पासंगालाही न पुरणारी. असं असूनही १९१३ साली लँकेशायरने तीनशे कोटी यार्डांहून जास्त कापड आपल्याकडे पाठवलं. कारण त्यांचा विणकर चार साचे चालवायचा, मुंबईचा दोन. (गिरणगावात लूमला साचा म्हणत, भिवंडी-इचलकरंजीत आपण माग म्हणतो.)

हे दोन आणि चार सांगून ‘आपला माणूस आळशी’ असं म्हणणारे मला कॉलेजपासून भेटत आलेत. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, त्यामुळे हे वाक्य मी कधीच गप्प ऐकून घेतलं नाही. मजुरी स्वस्त म्हणून मालक कापूस हलका लावायचे. हलक्या कापसाचं सूत सारखं तुटणार, आणि तुटलेली तार जोडायला माणूस जवळ हवाच. म्हणजे स्वस्त मजुरीमुळेच दोन साचे पुरे होत होते. दुसरं कारण वडिलांच्या तोंडून ऐकलेलं. तिसरा साचा घेतला तर पगार तिप्पट होणार नाही, पण गावाकडून आलेला एक भाऊबंद बेकार नक्की होणार. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप याच गोष्टीवरून पेटला होता. मालकांनी माणशी साचे वाढवायला घेतले, कामगारांनी हिशोब केला आणि बाहेर पडले.

गाझीपूरला मी हेच पुन्हा पाहिलं. कॉलर लावणारी एक मुलगी होती, विशीतली, हात विलक्षण साफ. मी मागे उभा राहिलो की ती प्रत्येक नगाला अकरा-बारा सेकंद जास्त घ्यायची. धागा दोनदा कापायची, कॉलर उलटीसुलटी करून बघायची. मी खांबाआड गेलो की पुन्हा जुन्या वेगाने. शेवटी एकदा तिला विचारलं तर हसून म्हणाली, तुम्ही लिहून नेता आणि उद्या टार्गेट वाढवता, मला काय मिळतं? उत्तर माझ्याकडे नव्हतं. ती आणि माझे वडील कधी भेटले असते तर भाषेची अडचण दोन मिनिटंच झाली असती.

लँकेशायरवाल्यांनी मुंबईच्या स्वस्त मजुरीला कसं तोंड दिलं, हेही बघण्यासारखं आहे. १८८१ मध्ये हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा आला. त्यासाठी इंग्लंडमध्ये रेटा लावणाऱ्यांत मँचेस्टरची मंडळी पुढे होती, मुंबईतल्या पोराबाळांचा त्यांना अचानक कळवळा आला होता. पुढे १८९६ मध्ये इथल्या गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसवली, तीही विलायती कापडावरच्या आयात कराची फिटंफाट व्हावी म्हणून. हेतू उघड होता. पण मुंबईचे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेऊन अर्ज केला, तेव्हा त्यांनी कोणाचा हेतू काय याचा विचार केला नाही. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि मागच्या महिन्याचा पगार निदान पंधरा तारखेपर्यंत, अशा मागण्या केल्या. रविवार मिळाला १८९० मध्ये. आज युरोपातले ऑडिटर चेकलिस्ट घेऊन फ्लोअरवर येतात तेव्हा मालक कुरकुरतात, की यांना आमच्या बायांची काळजी नाही, स्वतःच्या बाजारपेठेची आहे. असेलही. पण त्यांच्यामुळे इमर्जन्सी दरवाजाचं कुलूप निघालं असेल तर मला त्यांच्या मनात शिरायचं कारण नाही.

मुंबईला खरा दणका लँकेशायरने दिलाच नाही, दिला जपानने. चीनच्या बाजारातलं मुंबईचं सूत जपानी सुताने हटवलं, आणि त्यात आपल्याकडचाच कापूस असायचा. तिथे गिरणीत मुली, गिरणीच्या आवारातच वसतिगृह, बाहेर जायला परवानगी लागणार, दोन पाळ्या, रात्रीसुद्धा. १९२९ मध्ये बायकांची रातपाळी बंद करायची वेळ आली तोवर त्यांचं घोडं पुढे गेलं होतं. त्याच वर्षी टोयोडाच्या स्वयंचलित मागाचं पेटंट कोणी विकत घेतलं माहितेय? प्लॅट ब्रदर्सनी. ज्यांनी जगाला साचे विकले ते साच्याची अक्कल विकत घ्यायला जपानकडे वळले. टोयोडाचा माग कांडी संपली की स्वतःच बदलायचा, तार तुटली की स्वतःच थांबायचा. एक मुलगी वीस-तीस माग बघू शकायची. मुलगी स्वस्त होती हे खरंच, पण नुसती स्वस्त असती तर ती मुंबईच्या माणसासारखी दोन साच्यांपाशीच उभी राहिली असती.

इथे तुमच्या प्रश्नातल्या ‘स्वस्त’ या शब्दाकडे यावं लागतं, कारण माझं मुख्य म्हणणं तिथे आहे. मजूर स्वस्त कसा होतो? त्याच्या खर्चातला मोठा भाग दुसरं कोणीतरी उचलतं म्हणून. वडील राजापूरकडचे. मुंबईत ते गावमंडळाच्या खोलीत राहायचे. एका खोलीत तीस-पस्तीस माणसांच्या ट्रंका भिंतीला रचलेल्या. झोपायला कोणाला गॅलरी, कोणाला जिना, कोणाला फुटपाथ. दिवसपाळीचा उठला की त्याच्या जागेवर रातपाळीचा पडायचा. जेवण खानावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या हिशोबाने. आई आणि आम्ही तिघं गावाला. भात घरचा, घर घरचं, आजारपण आलं तर काढा आजीचा, आणि वडील थकल्यावर परत यायचे तेही गावालाच. गिरणी मालकाने फक्त आठ तासांच्या माणसाला पोसलं. त्याला लहानाचा मोठा करणं, आजारी असताना सांभाळणं आणि म्हातारपणी खाऊ घालणं, हे सगळं राजापूरच्या दीड एकर भातशेतीने केलं. मजुरीच्या आकड्यात ती शेती कुठेच दिसत नाही.

मात्र याच गावामुळे संपही लांबायचे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेने अडीच लाख माणूस बाहेर पडला तेव्हा माझे वडील पंधरा दिवसांत बोचकं बांधून घरी आले. आम्ही पोरं खूश होतो, वडील पहिल्यांदाच शिमग्याला आणि गणपतीला अशा दोन्ही वेळी घरात. भात लावला, कापला, आणि संप चालूच होता. ज्या भाताने मालकाला स्वस्त माणूस दिला, त्याच भातावर तो माणूस वर्षभर वाट बघत बसू शकला. बदल्यांना, म्हणजे कायमचा माणूस गैरहजर असेल तेव्हाच काम मिळणाऱ्यांना, कायम करा अशी एक मागणी होती. वडील स्वतः नऊ वर्षं बदली होते, रोज सकाळी गेटवर कार्ड घेऊन उभं राहायचं आणि जॉबर (खात्याचा मुकादम) बोट दाखवेल तर आत जायचं. गिरणी काही उघडली नाही. गिरण्या संपाने मेल्या असं मुंबईत आजही सांगतात. मी भिवंडीला नोकरीला लागलो तेव्हा जुन्या दिवाणजींकडून कळलं, की संपाच्या कितीतरी आधीपासून नावाजलेल्या गिरण्या भिवंडीच्या मागांवर ग्रे (कोरं, न रंगवलेलं) कापड विणून घेत आणि प्रोसेस करून त्यावर आपला शिक्का मारत. शेडमध्ये माग चोवीस, कागदावर सहा-सहा माग चार भावांच्या नावे, म्हणजे कारखाना कायदा लागू नको. पाळी बारा तासांची. मुंबई ते भिवंडी ही पन्नास किलोमीटरची वाट धंद्याने कायद्याच्या शोधात कापली, म्हणजे खरं तर कायदा नसलेल्या जागेच्या.

बांगलादेशचंही तसंच. तिथे धंदा मजुरीने ओढला असं लोक धरून चालतात, पण त्याला ढकललं कोट्याने. १९७४ पासून मल्टिफायबर करारात भरपूर माल पाठवणाऱ्या देशांना अमेरिका-युरोपात किती नग पाठवायचे त्याची मर्यादा होती. कोरियाचा कोटा भरला. बांगलादेशावर मर्यादाच नव्हती, कारण तिथे धंदाच नव्हता. म्हणून कोरियाच्या देवूने चितगावच्या देश गारमेंट्सशी करार केला आणि १९७९ मध्ये १३० बांगलादेशी माणसं बुसानला सहा महिने शिकायला नेली. त्यांत बायाही होत्या. शिलाई, मशीन देखभाल, क्वालिटी, माल बांधणं, कागदपत्रं, सगळं. पुढच्या काही वर्षांत यांतली बहुतेक देश सोडून बाहेर पडली (देश म्हणजे कंपनी, मुलूख नव्हे) आणि स्वतःचे किंवा दुसऱ्यांचे कारखाने उभे करू लागली. सरकारने बॉण्डेड वेअरहाऊस दिलं, कापड करमुक्त आणायचं आणि शिवून बाहेर पाठवायचं. बँकांनी परदेशी बायरच्या एलसीवर (पैसे देण्याच्या बँक-हमीवर) कापडाची एलसी उघडून दिली, म्हणजे खिशात भांडवल नसलं तरी ऑर्डर घेता येऊ लागली. हे तीन नसते तर मजुरी कितीही कमी असून गाझीपूरला आजही नुसती भातशेती दिसली असती.

आणि आकडे बघा. तिथल्या गारमेंट कामगाराचं किमान वेतन १९९४ मध्ये ९३० टाका ठरलं आणि बारा वर्षं तसंच राहिलं. २००६ मध्ये १,६६२ टाका ५० पैसे, २०१० मध्ये ३,०००, २०१३ मध्ये ५,३००, २०१८ मध्ये ८,००० आणि डिसेंबर २०२३ पासून १२,५००. महागाई वजा करा, तरीही वेतन वाढलंय. प्रत्येक वाढीच्या वेळी मालक म्हणाले, आता ऑर्डरी जाणार. धंदा मात्र वाढत गेला. युरोपात त्यांना आयात कर शून्य आणि आपल्या कपड्यावर साडेनऊ टक्क्यांच्या आसपास, हा फरक वर्षानुवर्षं होता. शर्टाच्या किमतीत शिलाईची मजुरी जेवढी असते, त्याच्याशी हा कर ताडून पाहिलात तर बायर कुठे वळणार हे सांगायला मी नको.

मजुरीत काटकसर कुठवर जाते, ते २४ एप्रिल २०१३ ला साऱ्या जगाने पाहिलं. ढाक्याजवळच्या साभारची राणा प्लाझा ही इमारत, आठ मजली. आदल्या दिवशी भिंतींना आणि खांबांना तडे गेले. खालच्या मजल्यावरच्या बँकेने माणसं घरी पाठवली. वरच्या गारमेंट कारखान्यांनी सकाळी पुन्हा आत बोलावली. १,१३४ माणसं मेली. बाया आत का गेल्या असं मला इथे नातेवाईक विचारायचे. महिनाअखेर होती. पगार अडकून होता, आणि न येणाऱ्याचा कापणार म्हणून दम दिला होता. लोखंड्यांच्या अर्जातलं पगाराच्या तारखेचं कलम मला त्या आठवड्यात रोज आठवत होतं. ‘अकॉर्ड’ नावाचा सुरक्षेचा करार त्यानंतर झाला. आमच्या बिल्डिंगीचेही खांब तपासून गेले आणि दोन मजल्यांवरचा कापडाचा साठा खाली हलवायला लावला. तोवर त्या साठ्याखाली आम्ही सगळे बिनधास्त जेवत होतो.

तिथल्या मुलीही रंगपूर, मैमनसिंगकडच्या. मूल आजीकडे गावाला, दोघी-तिघींत एक खोली, ईदला बसच्या टपावर बसून घरी. राजापूरच्या एसटीची गर्दी मला तिथे दर वर्षी दोनदा दिसायची.

आता तुमच्याबद्दल. तुमच्या प्रश्नात ‘कापडधंदा’ एकच शब्द आहे, त्यात तीन वेगळे धंदे बसलेत. शिलाई अजूनही माणसाच्या मागे जाते, कारण कापड लुळं असतं. यंत्राच्या हाताला ते धरता येत नाही, दुमडतं, सरकतं, ताणतं. सिंगरने १८५१ मध्ये मशीन काढलं तेव्हा एका मशीनला एक माणूस होता, आजही आहे. सूतगिरणीत उलट. तिथे सगळ्यांत मोठा खर्च कापसाचा, मग विजेचा, मजुरी मागे. विणाई मधे कुठेतरी. साधा माग मिनिटाला शंभर-सव्वाशे पिक (आडव्या तारा) टाकतो आणि एक माणूस सहा-आठ माग बघतो. हवेच्या झोताने तार फेकणारा एअरजेट माग सहाशे-सातशेच्या पुढे जातो आणि एकाकडे त्याचे कितीतरी असतात. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा जे गणित होतं ते साध्या मागवाल्याला आजपर्यंत पुरलं. पुढे पुरणार नाही. साधा माग चालवणारा कामगार बिहारहून आणा की ओडिशाहून, एअरजेटशी तो मजुरीवर लढू शकत नाही. खर्चीवाल्यांनी (दुसऱ्याच्या सुतावर मजुरीने विणून देणाऱ्यांनी) माग भंगारात काढलेले तुम्ही गल्लीत बघतच असाल.

म्हणून ‘आम्ही काय करायचं’ याचं उत्तर, तुम्ही कशात जाणार यावर आहे. गारमेंट मर्चंडायझिंगला, म्हणजे बायरची ऑर्डर घेऊन ती पुरी करून देण्याच्या कामाला, जाऊ नका असं म्हणत नाही, पण तिथे तुमची ऑर्डर कधीही समुद्रापलीकडे जाऊ शकते. प्रोसेसिंग शिका. रंग एकसारखा पकडणं, पाणी कमी वापरणं, सांडपाणी नियमात बसवणं, हे येणारा माणूस मला बंगळूरला मिळाला नाही, गाझीपूरला मिळाला नाही, आणि इचलकरंजीतले मालकही त्याच्याच शोधात आहेत. नाहीतर रॅपिअर-एअरजेट अशा नव्या मागांचं मेंटेनन्स घ्या, इलेक्ट्रॉनिक्ससकट. मशीन बेल्जियमचं असो की जपानचं, रात्री दोनला बंद पडलं की कंपनीचा इंजिनिअर येत नाही, तुम्हालाच उठवणार.

पहिले सहा महिने मात्र फाइल घेऊन हिंडू नका. मागावर उभे राहा. वहिफणीवाल्याजवळ बसून तार कशी ओवतात ते शिका, विणकराची गाठ डोळे मिटून मारता येईपर्यंत मारा. आणि कधी हातात स्टॉपवॉच आलंच, तर मोजायच्या आधी समोरच्याला सांगा की मोजतोय, आणि त्या आकड्याचं पुढे काय होणार तेही सांगा. मी सुरुवातीला सांगत नसे.